पेशीभित्तिकेला मेण आणि बूच कोठून येते?

परभणी जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे, की पेशीभित्तिका सेल्युलोजची असते आणि सेल्युलोज पाणी शोषते असे आपण मुलांना शिकवतो, मग त्याच भित्तिकेवर रुईच्या पानासारखी मेणाची भुकटी कशी जमते आणि हळकुंडाच्या किंवा बटाट्याच्या सालीला बुचाचा कोरडेपणा कोठून येतो. मेण आणि बूच ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत का, आणि फारसा खर्च न करता यातले काय वर्गात दाखवता येईल, असेही त्यांनी पुढे विचारले आहे. वनस्पतींचे काप घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आणि विद्यार्थ्यांना दाखवण्यात माझी तीस वर्षे गेली असल्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. उत्तर लांबले तर तो दोष माझा समजावा.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. भित्तिकेतील सेल्युलोजचे मेण होत नाही आणि बूचही होत नाही. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन यांची मूळ भिंत असते तशीच राहते. पेशी आपल्या आत मेदयुक्त पदार्थ तयार करते आणि ते त्या भिंतीवर, भिंतीत किंवा भिंतीच्या आतल्या अंगाला नेऊन बसवते. आपल्याकडच्या माळवदाच्या घराची मातीची भिंत पावसापुढे टिकावी म्हणून लिंपली जाते, तसाच हा प्रकार आहे. फरक पडतो तो लिंपण कोणत्या बाजूने झाले यात. पानाच्या अपित्वचेतील, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थरातील, पेशी भिंतीच्या आत राहून भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लिंपण करते आणि स्वतः जिवंत राहते. बुचाची पेशी मात्र आतल्या अंगाने, सगळीकडून लिंपत येते आणि शेवटी त्याच खोलीत कोंडून मरते. पहिल्या लिंपणातील मुख्य पदार्थाला क्युटिन म्हणतात, दुसऱ्यातील पदार्थाला सुबेरिन, आणि दोहोंच्या फटींत भरलेले असते ते मेण. म्हणजे मेण आणि बूच एक नव्हेत, पण ती एकाच घरची आहेत.

ते घर मेदाम्लांचे आहे. पेशीतील लवकांमध्ये, म्हणजे हरितलवकासारख्या अंगकांमध्ये, 16 आणि 18 कार्बनची मेदाम्ले तयार होतात. तेलबियांतील तेलाचा कच्चा मालही हाच. ही मेदाम्ले लवकातून बाहेर पडून आंतर्द्रव्यजालिकेवर, म्हणजे पेशीतील पडद्यांच्या जाळ्यावर, येतात आणि तेथे त्यांच्या वाटा फुटतात. क्युटिनसाठी त्यांच्या साखळीच्या टोकाला किंवा मधोमध हायड्रॉक्सिल गट बसवला जातो आणि मग त्यांना ग्लिसरॉलची जोड दिली जाते. हायड्रॉक्सिल गट असल्यामुळे एका मेदाम्लाचे शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला एस्टर बंधाने जोडता येते, आणि अशी असंख्य मेदाम्ले एकमेकांत गुंतली की त्यांचे जाळे तयार होते. या दृष्टीने क्युटिन हे निसर्गाचे पॉलिएस्टर आहे, आणि ही उपमा नसून रसायनशास्त्रीय वर्णन आहे. येथे एक बारीक मुद्दा पुष्कळदा सुटतो: हे जाळे पेशीच्या आत विणले जात नाही. आत विणले असते तर ते भित्तिकेतून बाहेर नेणे शक्यच झाले नसते. सुटे घटक प्रद्रव्यपटलातील, म्हणजे पेशीच्या बाह्य पातळ पडद्यातील, वाहक प्रथिनांच्या मदतीने बाहेर सोडले जातात आणि त्यांची जोडणी भित्तिकेच्या बाहेरच्या अंगाला, तेथेच असलेल्या विकराकडून (एन्झाइमकडून) होते. टोमॅटोच्या फळातील असे जोडणी करणारे विकर 2012 साली ओळखले गेले. ते नसलेल्या टोमॅटोच्या सालीवरचे क्युटिन कमालीचे पातळ राहते.

मेणाची वाट वेगळी आहे. तीच 16 आणि 18 कार्बनची मेदाम्ले आंतर्द्रव्यजालिकेवर दोन-दोन कार्बनने लांब केली जातात आणि साखळी 26, 28, 30, अगदी 34 कार्बनपर्यंत जाते. त्यानंतर त्यांपासून अल्केन, अल्कोहोल, आल्डिहाइड, कीटोन आणि एस्टर असे पदार्थ बनतात, आणि कोणत्या झाडात कशाचे प्रमाण जास्त हे जातीनुसार ठरते. कांद्याच्या पातीवरील मेणात 31 कार्बनचा कीटोन मोठ्या प्रमाणात असतो. उसाच्या मेणात 28 कार्बनचे अल्कोहोल पुष्कळ असते, आणि साखर कारखान्यात रस गाळल्यावर उरणाऱ्या प्रेसमडमध्ये उसाच्या कांडीवरचे बरेचसे मेण येऊन पडते, हे आपल्या लातूर-नांदेडकडच्या मुलांना सांगण्यासारखे आहे. मेणाचे रेणू एकमेकांना रासायनिक बंधांनी जोडलेले नसतात. ते नुसते एकमेकांलगत दाटीने रचलेले असतात, क्युटिनच्या जाळ्याच्या आत आणि जाळ्याच्या वरही. म्हणूनच क्लोरोफॉर्ममध्ये पान काही सेकंद बुडवले तर मेण विरघळून निघते, क्युटिन जागेवरच राहते.

आता ज्या मुद्द्यावर मी विद्यार्थ्यांशी कायम हुज्जत घालत आलो तो सांगतो. पाणी अडवण्याचे काम मुख्यतः मेण करते, क्युटिन नव्हे. पानावरून उपत्वचा, म्हणजे क्युटिन आणि मेण यांचा थर (क्युटिकल), अखंड सोडवून घेता येते. तिच्यातून पाण्याची वाफ किती वेगाने जाते हे मोजून, मग मेण काढून टाकून पुन्हा मोजल्यास तो वेग दहापट ते शेकडो पट वाढतो, हे 1970 च्या दशकापासून वारंवार दिसून आले आहे. क्युटिनचे जाळे तेथेच असते, जाडी जवळजवळ तेवढीच असते, तरी बांध फुटल्यासारखे पाणी जाते. म्हणून ‘कोरडवाहू भागातील झाडांची उपत्वचा जाड असते, त्यामुळे त्यांचे पाणी वाचते’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य मला अर्धेच खरे वाटते. जाड उपत्वचा पानाला ताठपणा देते, ओरखड्यांपासून वाचवते, बुरशीला आत शिरायला वेळ लावते. पण पाणी किती अडेल हे जाडीवरून सांगता येत नाही, ते मेणाचे रेणू किती नीट रचले आहेत यावर अवलंबून असते. काही झाडांची पातळ उपत्वचा जाड उपत्वचेपेक्षा पाणी अधिक अडवते.

द्राक्षाचा बेदाणा करणाऱ्यांना ही गोष्ट पुस्तकाशिवाय कळलेली आहे. धाराशिव-लातूरकडील बेदाणा शेडवर द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट, यांच्या द्रावणात बुडवतात. लिटरभर पाण्याला 25 ग्रॅम कार्बोनेट आणि 15 मिलिलिटर तेल हे नेहमीचे प्रमाण. या द्रावणाने मण्याची साल सोलली जात नाही, क्युटिनही तुटत नाही. फक्त मेणाच्या पापुद्र्यांची रचना विस्कटते आणि आतले पाणी बाहेर पडायला वाट मिळते. एवढ्याने वाळण्याचा काळ खूपच घटतो. न बुडवलेला मणी जाळीवर दिवसेंदिवस टपोरा राहतो.

उपत्वचेच्या वर बाहेर आलेले मेण काही जातींत स्फटिकरूप घेते. काही ठिकाणी त्याच्या पट्ट्या असतात, काही ठिकाणी नळ्या, काही ठिकाणी केसांसारखे तंतू. या स्फटिकांचा आकार इतका लहान असतो की प्रकाश त्यांवरून सर्व दिशांना विखुरतो आणि आपल्याला पांढरट-निळसर झाक दिसते. भुकटीला स्वतःचा असा पांढरा रंग नसतो. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या पानांच्या माळा मिळतात, त्यातले एक पान घ्यावे आणि अंगठा एकदाच, हलक्या हाताने फिरवावा. अंगठ्याच्या मार्गावर गर्द हिरवा पट्टा उमटतो आणि अंगठ्याला पिठासारखे काही लागते. त्या पट्ट्यावर आणि शेजारच्या न पुसलेल्या भागावर पाण्याचा एक-एक थेंब सोडला तर शेजारचा थेंब गोळी होऊन घरंगळतो, पट्ट्यावरचा थेंब बूड टेकून पसरतो. ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार आपण चंचलतेसाठी वापरतो, पण त्यामागे हीच रचना आहे: अळूच्या पानाच्या पेशी फुगीर असतात आणि त्यांच्यावर मेणाचे स्फटिक असतात, त्यामुळे थेंब फक्त टोकांवर टेकतो, खाली हवा राहते. कमळाच्या पानावरील हाच गुण, आणि घरंगळता थेंब धूळ सोबत घेऊन जातो ही गोष्ट, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी 1997 मध्ये ‘लोटस इफेक्ट’ या नावाने सविस्तर मांडली. पूर्ण वाढलेल्या पानावरचे पुसलेले मेण बहुतेक जातींत पुन्हा पूर्वीसारखे भरून येत नाही. वाढत्या पानात ते येते.

ज्वारीचा विचार येथे केलाच पाहिजे, कारण आपल्या भागात याहून चांगले उदाहरण नाही. फुलोऱ्यावरील ज्वारीच्या ताटाचा पर्णकोश, म्हणजे ताटाला वेढणारा पानाचा भाग, नखाने खरवडला तर नखात चक्क मेण साठते. हे मेण प्रामुख्याने 28 आणि 30 कार्बनच्या मुक्त मेदाम्लांचे असते. ज्वारीच्या अपित्वचेत लांब पेशींच्या ओळींमध्ये आखूड पेशींच्या जोड्या असतात. जोडीतील एक पेशी सिलिकाने भरलेली, आणि दुसरीला आपण वनस्पतिशास्त्रात ‘कॉर्क पेशी’ म्हणतो. मेणाचे बारीक तंतू या कॉर्क पेशींच्या अंगातून फुटतात. म्हणजे मेण आणि बूच यांचा संबंध शोधायला ज्वारीचे ताट पुरते. ज्या ज्वारीत हे मेण तयार होत नाही असे उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेले, प्रकार संशोधकांनी जपून ठेवले आहेत. ते उन्हात अधिक पाणी गमावतात.

परंतु सर्वत्र जितके मेण जास्त तितके चांगले, असे समजू नये. रब्बी ज्वारीच्या अनेक वाणांत रोपावस्थेतील पाने चकाकणारी असतात, म्हणजे त्यांवर मेणाचे स्फटिक कमी असतात, आणि फवारलेले पाणी त्या पानांवर थेंब न होता पसरून राहते. अशी रोपे खोडमाशीला तुलनेने कमी बळी पडतात. खोडमाशीची अळी पोंग्यातील पानावरच्या ओलाव्याच्या आधाराने खाली सरकते आणि वाढीच्या टोकाशी पोहोचते. चकाकणाऱ्या पानांच्या वाणांत पोंग्यातील हा ओलावा कमी आढळतो. पानाचा पृष्ठभाग हा फक्त पाण्याचा हिशेब नाही, त्यावर कीड, बुरशी, धूळ आणि ऊन यांचेही व्यवहार चालतात.

उन्हाबद्दल एक वाक्य जास्त लिहितो. पर्णरंध्रे उघडी असताना उपत्वचेतून जाणारे पाणी एकूण बाष्पोत्सर्जनाच्या, म्हणजे झाडातून वाफेने जाणाऱ्या पाण्याच्या, साधारण 5 ते 10 टक्केच असते, म्हणून ते नगण्य वाटते. पण दुष्काळी वर्षी दुपारी पर्णरंध्रे मिटली की झाडाजवळ उरते ती एवढीच गळती, आणि तीच झाड किती दिवस तग धरेल हे ठरवते. अनेक जातींत सुमारे 35 अंशांच्या पुढे उपत्वचेची गळती झपाट्याने वाढते, कारण उष्णतेने मेणाच्या रेणूंची रचना सैल पडते आणि क्युटिनचे जाळे प्रसरण पावते. मे महिन्यात 42 अंशांची दुपार सोसणाऱ्या फळझाडांना पाणी का कमी पडते याचा एक भाग येथे आहे.

याच मेणामुळे फवारणीत स्टिकर लागतो. कांद्याच्या पातीवर नुसते औषधाचे पाणी मारले तर ते मण्यांसारखे खाली पडते. स्टिकरमुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि थेंब पसरतो. येथे माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या कांद्यावर औषध ठरत नव्हते, तेव्हा मी स्टिकरचे प्रमाण दुप्पट करायला सांगितले. औषध ठरले, आणि चार दिवसांत पातीचे शेंडे करपले. स्टिकर थेंब पसरवण्यावर थांबत नाही. प्रमाण वाढले की तो मेणाच्या थरात शिरून त्याची रचना मोडतो, आणि मग औषधही नको तितके आत जाते व पाणीही नको तितके बाहेर येते. तेव्हापासून बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापुढे मी कधी गेलो नाही.

आता बूच. 1665 साली रॉबर्ट हूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा पातळ काप पाहिला आणि त्यातील रिकाम्या खणांना ‘सेल’ म्हटले, हे आठवीपासून शिकवले जाते. पण ते खण रिकामे का होते हे सहसा सांगितले जात नाही. हूक यांनी पाहिल्या त्या मृत पेशी होत्या. त्या पेशींनी भिंतीच्या आतल्या अंगाने सुबेरिनचे थर चढवले, पाणी आणि अन्न यांची ये-जा थांबवली, आणि त्या मरून त्यांच्या जागी हवा भरली. त्या हवेमुळे बूच हलके, दाबले तर दबणारे आणि उष्णता न वाहणारे असते. बाटल्यांचे बूच ज्याच्या सालीचे होते तो ओक पोर्तुगालकडचा. आपल्याकडे महाविद्यालयांच्या आवारात आणि रस्त्याकडेला लावलेले, रात्री सुगंधी पांढरी फुले गाळणारे बुचाचे झाड, म्हणजे गगनजाई, हे वेगळ्याच कुळातले. त्याची साल मऊ बुचासारखी असते आणि पूर्वी ती हलक्या प्रतीचे बूच म्हणून वापरली जात असे.

सुबेरिनही क्युटिनप्रमाणे पॉलिएस्टरच आहे, पण त्यात तीन फरक आहेत. त्यातील मेदाम्ले अधिक लांब, 30 कार्बनच्या घरापर्यंत जाणारी असतात. त्यांपैकी बऱ्याच मेदाम्लांच्या दोन्ही टोकांना आम्लगट असतो, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी ग्लिसरॉलला धरतात. आणि त्यांच्या सोबतीला फेरुलिक आम्लासारखे सुगंधी वलय (ॲरोमॅटिक रिंग; वासाशी याचा संबंध नाही) असलेले पदार्थ येतात, जे या मेदमय थराला भित्तिकेशी सांधतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुबेरिनचे थर एकाआड एक फिकट आणि गडद असे, वहीच्या पानांसारखे दिसतात. मेण येथेही फटींत भरलेले असते, आणि पाणी अडवण्याचा मोठा भाग येथेही मेणाकडेच असतो.

खोडाला किंवा कंदाला बूच येण्यासाठी नुसते लिंपण पुरत नाही, त्यासाठी नव्या पेशी लागतात. खोड जाड होऊ लागले की बाहेरची अपित्वचा ताणून फाटते, कारण ती सहसा अमर्याद वाढू शकत नाही. तिच्या आतल्या बाजूला काही जिवंत पेशी पुन्हा विभाजन करू लागतात आणि त्यांचा एक थर तयार होतो. त्याला त्वक्षाकर म्हणतात. हा थर बाहेरच्या बाजूला बुचाच्या पेशी टाकत जातो आणि आतल्या बाजूला थोड्या जिवंत पेशी. बुचाच्या पेशी ओळीने, एकाखाली एक, विटांच्या थरांसारख्या बसतात आणि त्यांच्यामध्ये पोकळी नसते. पूर्ण बंद केले तर आतल्या जिवंत पेशी गुदमरतील, म्हणून मधूनमधून सैल पेशींची छिद्रे राहतात, ती वल्करंध्रे. केसर आंब्याच्या सालीवरचे बारीक ठिपके म्हणजे अशीच छिद्रे होत, आणि काढणीनंतर फळ पाण्यात फार वेळ ठेवले किंवा चीक लागला तर ते ठिपके काळे पडतात, हे आंबा उत्पादकांना चांगले माहीत आहे.

वर्गात दाखवायला खरबुजाइतके चांगले फळ मला दुसरे सापडलेले नाही. कोवळे खरबूज गुळगुळीत असते आणि त्यावर उपत्वचेचा अखंड थर असतो. फळ फुगू लागले की साल तेवढ्या वेगाने ताणत नाही आणि तिच्यावर केसाएवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी जाऊ लागते, बुरशीला दार मिळते. मग भेगेच्या तळाशी त्वक्षाकर तयार होतो आणि भेग बुचाने भरून निघते, नुसती भरत नाही तर कडेपेक्षा वर उचलली जाते. पिकलेल्या खरबुजावरची खडबडीत जाळी म्हणजे बुजवलेल्या भेगांचा नकाशा आहे. ब्लेडने सालीचा आडवा पातळ काप घेतल्यास जाळीच्या रेषेखाली तपकिरी, चौकोनी पेशींच्या ओळी दिसतात आणि दोन रेषांमध्ये अपित्वचेवर उपत्वचेची चकाकती कड दिसते. एकाच कापात दोन्ही प्रकार. चिकूच्या फळात तर अपित्वचेची जागा बुचाने जवळजवळ पूर्णपणे घेतलेली असते. त्याचा तपकिरी, खरखरीत पृष्ठभाग हे बूचच आहे.

हळदीचा कंदही याच प्रकारचा आहे. वसमतकडे हळद शिजवून, वाळवून ड्रममध्ये पॉलिश करतात, तेव्हा हळकुंडे एकमेकांवर घासून जी तपकिरी भुकटी आणि टरफले निघतात त्यात मुख्यतः हा बुचाचा थर असतो. शिजवताना पेशी मरतात, आतले स्टार्च फुगते आणि रंग एकसारखा पसरतो, पण बुचाची साल पाण्याला दाद देत नाही, म्हणून ती शेवटी घासूनच काढावी लागते.

जखम झाल्यावर हे सारे किती शिस्तीने घडते हे बटाट्यावर सर्वांत जास्त तपासले गेले आहे. कापलेल्या पृष्ठभागावरील तुटलेल्या पेशींखालच्या अखंड पेशी प्रथम आपल्या आधीच असलेल्या भिंतींत सुबेरिनचा सुगंधी वलय असलेला भाग बसवतात. त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि त्याने जिवाणू अडतात. त्यानंतर मेदमय भाग चढतो आणि तो झाल्यावर, म्हणजे पाच ते सात दिवसांनी, बुरशीही अडते. त्याच सुमारास त्याखाली नवा त्वक्षाकर बसून बुचाच्या ओळी टाकायला सुरुवात करतो. 15 ते 20 अंश तापमान आणि 85 ते 95 टक्के आर्द्रता यांत हे काम चांगले होते. थंडीत ते रेंगाळते. कोरड्या हवेत पृष्ठभागाच्या पेशी लिंपण करण्याआधीच वाळून मरतात, मग वरून कडक झालेली ती कड भरून आलेली जखम आहे असा आपला गैरसमज होतो. काढणीनंतर कंद काही दिवस सावलीत, हवेशीर जागी पण कोरड्या वाऱ्यापासून जपून ठेवायचा आणि मग साठवायचा, या सल्ल्यामागे हे कारण आहे.

मुळाबद्दल लिहिताना मला थोडे ओशाळे वाटते. मुळाच्या अंतस्त्वचेतील, म्हणजे मध्यभागाला वेढणाऱ्या थरातील, पेशींना कंबरपट्ट्यासारखी वेढणारी कॅस्पेरियन पट्टी सुबेरिनची असते, असे मी वीसेक वर्षे वर्गात सांगत होतो, पुस्तकांतही तसेच होते. 2012 मध्ये अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहानशा रोपावर झालेल्या कामातून दिसले, की ती पट्टी लिग्निनची, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या पदार्थाची, असते आणि सुबेरिन रोखले तरी ती आपले काम करते. सुबेरिन त्यानंतर येते, पट्टी म्हणून नव्हे तर पेशीच्या सगळ्या भिंतींना आतून अस्तर म्हणून. कामेही वेगळी: पट्टी पेशी-पेशींमधल्या फटीतून पाणी आणि क्षार शिरण्याला अडवते, अस्तर पेशीच्या प्रद्रव्यपटलापर्यंत पोहोचण्यालाच अडवते. काही पेशी अस्तराशिवाय सोडल्या जातात, त्यांतून पाणी आणि खनिजे घेणे चालू राहते. बाईंनी आपल्या टिपणांत हा बदल जरूर करावा, कारण जुनी वाक्ये प्रश्नपत्रिकांत अजून फिरतात.

हे अस्तर किती लवकर आणि किती जाड चढवायचे हे मूळ जमिनीकडे पाहून ठरवते. क्षार वाढले की झाडातील अॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि अंतस्त्वचेचे सुबेरिन मुळाच्या टोकाच्या अधिक जवळ चढू लागते. लोह किंवा झिंक कमी पडले की एथिलीन या संप्रेरकाच्या प्रभावाने ते मागे हटते, म्हणजे दारे उघडी ठेवली जातात. जायकवाडीच्या लाभक्षेत्रात खारवट झालेल्या जमिनीत पीक खुरटते तेव्हा मुळाने मिठाला अडवण्यासाठी दारे लावून घेतलेली असतात, आणि त्या बंद दारांमुळे पाणी घेण्याचा वेगही घटलेला असतो.

कापसाचा उल्लेख केल्याशिवाय मराठवाड्यातील माणसाने या विषयावर लिहू नये. कापसाचा प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरील अपित्वचेची एकच लांबलेली पेशी, म्हणून त्यावर उपत्वचा असते आणि तिच्यात वजनाच्या साधारण 0.4 ते 1 टक्का मेण असते. हिरव्या धाग्याच्या कापसात तर धाग्याच्या जाड भिंतीत सुबेरिनचे थर असतात. एकाच जातीच्या झाडात, एकाच प्रकारच्या पेशीत, बाहेरून आणि आतून अशी दोन्ही लिंपणे होऊ शकतात याचा याहून सुंदर पुरावा मला माहीत नाही.

आता शेवटचा प्रश्न, वर्गात काय दाखवावे. कापसापासून सुरुवात करावी. एका पेल्यात शेतातून आणलेल्या, सरकी काढलेल्या कापसाचा पुंजका टाकावा आणि दुसऱ्यात औषधाच्या दुकानातील शुद्ध कापसाचा. पहिला तरंगत राहतो, दुसरा पाणी पिऊन खाली बसतो, कारण दुसऱ्यावरचे मेण कारखान्यात क्षाराने उकळून काढलेले असते. दोन्ही सेल्युलोजच आहेत. बाईंच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मुलांना येथे डोळ्यांनी दिसते. रंग देऊन पाहायचे असेल तर सुदान 3 हा रंग 70 टक्के अल्कोहोलमध्ये विरघळवून रुईच्या पानाच्या, खरबुजाच्या सालीच्या आणि बटाट्याच्या सालीच्या हाताने घेतलेल्या कापांवर दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि पाण्याने हलके धुवावे. उपत्वचेची कड आणि बुचाच्या भिंती नारिंगी-लाल होतात, सेल्युलोजच्या भिंती बिनरंगी राहतात. बटाट्याच्या कापात स्टार्चचे कण सर्वत्र पसरतात, म्हणून काप आधी पाण्यात हलवून घ्यावा.

वजनाचा प्रयोग मात्र आठवडाभर चालणारा आहे. साधारण सारख्या आकाराचे तीन बटाटे घ्यावेत: एक अखंड, एक सोललेला आणि एक मधोमध कापून ओल्या कापडाखाली, पण कापड पृष्ठभागाला न चिकटता, सहा-सात दिवस ठेवलेला. मग तिन्ही उघड्यावर ठेवून किराणा दुकानातील डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करावे आणि मुलांकडून आलेख काढून घ्यावा. सोललेल्याची रेषा दुसऱ्याच दिवशी खाली वळलेली दिसते. कापून भरून आलेल्याची रेषा तिच्यापेक्षा अखंड बटाट्याच्या बरीच जवळ राहते. हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करावा, तेव्हा आपल्याकडील खोलीचे तापमान जखम भरण्यास योग्य असते. एप्रिलमध्ये केल्यास ओल्या कापडाखालचा बटाटा बुचाऐवजी बहुधा वासच देईल.